गोव्यात फ्लॅट घेऊन राहताय आणि जेवण स्वतः बनवायचंय? मग या क्रमाने तयारी करा

मे महिना आणि दिवाळीच्या सुट्टीत ओळखीतल्या निदान तीन-चार घरांत हेच होतं. रिसॉर्टचं जेवण महाग पडतं म्हणून किचन असलेली जागा बुक करतात, घरून दोन पिशव्या भरून सामान नेतात, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे कंटाळून बाहेरून जेवण मागवतात. सामान तसंच परत येतं, शिवाय जेवणाचा खर्चही होतो. स्वयंपाक येत नाही म्हणून असं होत नाही, क्रम उलटा असतो म्हणून होतं. आधी मेनू ठरवतात, मग सामान भरतात आणि तिथे गेल्यावर कळतं की शेगडी एकच आहे आणि कढई नाहीये.

खरा क्रम असा: आधी किचन काय आहे ते बघायचं, मग भांडी, मग मेनू, मग सामान. खालचं सगळं चार माणसं, चार रात्री आणि गोवा धरून लिहिलंय, पण मालवण, दापोली, अलिबाग कुठेही चालेल.

१. बुकिंगच्या आधी: किती वेळचं बनवणार ते ठरवा

तिन्ही वेळचं बनवायचं ठरवू नका. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण घरी, दुपारी बाहेर, हे गणित टिकतं. दुपारी तुम्ही फिरायला बाहेरच असता, गोव्यात साध्या खानावळीत दुपारची फिश थाळी चांगली मिळते आणि ती रिसॉर्टच्या मानाने बरीच स्वस्त असते. खिसा रिकामा होतो तो रिसॉर्टमधल्या नाश्त्याने, रात्रीच्या जेवणाने आणि मधल्या चहा-सरबताने, म्हणून तेवढंच घरी बनवायचं. त्यात टॅक्सचाही फरक आहे, साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, आणि रात्रीचं भाडं ७५०० च्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो.

आणि हे घरात बोलून घ्या, अगदी बुकिंगच्या आधी: कोण काय करणार. स्वयंपाक करणाऱ्याने भांडी घासायची नाहीत, हा नियम आमच्याकडे पक्का आहे. घरातली बाई सुट्टीतही दोन्ही वेळ ओट्यापाशीच उभी राहणार असेल तर ते पैसे वाचवणं नाही, तिची सुट्टी कापणं आहे, आणि मग त्यापेक्षा सरळ बाहेर जेवा.

> तपासा: बुकिंग करताना प्लॅन कोणता निवडलाय? ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे नाश्त्यासकट, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. स्वतः बनवणार असाल तर ईपी घ्या. एमएपीचे पैसे भरून वर खिचडी शिजवणारे लोक मी बघितलेत.

२. किचनची चौकशी, फोटो मागून

जाहिरातीत "किचन" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. कधी ते पूर्ण स्वयंपाकघर असतं, कधी सिंक, केटल आणि छोटा फ्रिज एवढंच असतं. जागामालकाला मेसेज करून हे विचारा आणि ओट्याचा आणि भांड्यांच्या कपाटाचा आतला फोटो मागवा, चांगला मालक पाच मिनिटांत पाठवतो:

- गॅस आहे की इंडक्शन? किती बर्नर? गॅस असेल तर जास्तीचा सिलिंडर आहे का?
- कुकर आहे का, किती लिटरचा?
- कढई, तवा, पातेली, झाकणं, चिरायची सुरी, विळी?
- फ्रिज मोठा की मिनी बार? मिनी बारमध्ये दूध राहतं, मासे राहत नाहीत.
- प्यायच्या पाण्याची काय सोय?
- मासे-मटण बनवायला परवानगी आहे का?

शेवटचा प्रश्न लोक विसरतात. काही जागा फक्त शाकाहारी असतात, काहींमध्ये "हलका स्वयंपाक चालेल" असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ चहा आणि नूडल्स एवढाच निघतो. मागच्या एका ट्रिपला आम्ही हे विचारलं नव्हतं, बाजारातून बांगडे घेऊन आलो आणि दारातच केअरटेकरने थांबवलं, शेवटी ते बांगडे आम्ही शेजारच्या बंगल्यात कामाला येणाऱ्या मावशींना दिले. उत्तर मेसेजमध्ये लेखी घ्या, फोनवर नको.

> सावधान: इंडक्शन असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालणार नाही, बुड इंडक्शनचं असेल तरच चालतो. फ्रिजवरचं मॅग्नेट भांड्याच्या बुडाला लावून बघा, घट्ट चिकटलं तर ते भांडं चालेल. ही परीक्षा घरी करा, तिथे पोचल्यावर नाही.

स्वतःची इंडक्शन शेगडी नेणारे अजून एक चूक करतात. ही शेगडी साधारण १८०० ते २००० वॅटची असते आणि खोलीतला छोटा ६ अँपियरचा सॉकेट जेमतेम १३८० वॅटपर्यंत झेपवतो. जाड पिनांचा १६ अँपियरचा सॉकेट लागतो, आणि तो बहुतेक वेळा एसी किंवा गीझरसाठी दिलेला असतो. छोट्या सॉकेटला अडॅप्टर लावून जोडलंत तर वीज ट्रिप होऊन जाईल, नाहीतर वायर तापेल.

३. मेनू: भांड्यांवरून ठरवा

आता कळलं की तुमच्याकडे काय आहे. समजा दोन बर्नर, ३ लिटरचा कुकर, एक कढई, एक नॉनस्टिक तवा. मग पदार्थ असे निवडा की एका वेळी दोनापेक्षा जास्त भांडी लागणार नाहीत.

पोळ्या विसरा. सुट्टीत कणीक भिजवणं, लाटणं, भाजणं हे एक तासाचं काम आहे आणि पोळपाट-लाटणं तिथे बहुधा नसतंच. गोव्यात याची सोय आपोआप आहे, सकाळी आणि संध्याकाळी सायकलवर पोदेर म्हणजे पाववाला येतो, भोंगा वाजवत, त्याच्याकडून पाव, पोई, उंडे घ्या. पोई म्हणजे कोंडा लावलेला, आतून पोकळ, चपटा पाव, भाजीबरोबर आणि माशाच्या कालवणाबरोबर मस्त लागतो. पोदेर कधी येतो ते केअरटेकरला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, सकाळी उशिरा उठलात तर तो निघून गेलेला असतो.

चार रात्रींचा आमचा नेहमीचा मेनू:

- पहिली रात्र: मूगडाळीची खिचडी, पापड, लोणचं. यात बदल नाही.
- दुसरी रात्र: मासे, भात, सोलकढी.
- तिसरी रात्र: तांबडी भाजी (लाल माठ) किंवा बटाट्याची भाजी, पोई, दही.
- चौथी रात्र: उरलेल्या भाज्यांचा मसालेभात. फ्रिज रिकामा करायची ही रात्र.
- नाश्ता: पोहे, उपमा, पाव-अंडी, परत पोहे.

पहिल्या रात्री काहीतरी खास बनवायचं ठरवणं ही सगळ्यात मोठी चूक. तुम्ही दहा-बारा तास प्रवास करून पोचता, मुलं चिडचिड करतात, किचन अनोळखी असतं, कुठली काडी कुठे तेही माहीत नसतं, अशा वेळी बाजारात जाऊन भाजी आणून चिरून रस्सा करणं होत नाही आणि तिथूनच बाहेरून मागवायची सवय सुरू होते.

४. घरून काय न्यायचं, आणि कसं

पिशव्या भरून सामान नको, पदार्थाप्रमाणे पुड्या करा. यातच निम्मा स्वयंपाक उरकतो.

*खिचडीची पुडी:* १५० मिलीच्या वाटीने दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, हळद, हिंग, जिरं, गोडा मसाला, सुकी मिरची, सगळं एका झिपच्या पिशवीत. मीठसुद्धा आतच, दीड चमचा. पिशवीवर मार्करने लिहा: "७ वाट्या पाणी, ४ शिट्ट्या". तिथे कुकरमध्ये तेल, त्यात पुडी, परतायचं, पाणी, झाकण. धुवायला मिळत नाही म्हणून तांदूळ-डाळ घरीच धुऊन, पंख्याखाली कडकडीत वाळवून मग भरा, ओलसर राहिलं तर बुरशी येईल.

*उपम्याची पुडी:* दोन वाट्या रवा तुपावर खमंग भाजून, त्यातच मोहरी, उडीद डाळ, कढीपत्त्याची फोडणी मुरवून, पूर्ण गार झाल्यावर भरा. तिथे पाच-सहा वाट्या उकळतं पाणी आणि मीठ, बास. गरम असताना भरलंत तर पिशवीला आतून वाफ धरते, हे सगळ्यांकडून होतं.

*पोह्यांची:* जाड पोहे ३०० ग्रॅम, वेगळ्या छोट्या पुडीत शेंगदाणे, मोहरी, हळद.

याशिवाय मेतकूट, लसणाची चटणी, लोणचं, मीठ, साखर, चहा, गूळ, आमसुलं किंवा आगळाची (कोकमाच्या आंबट रसाची) छोटी बाटली. प्रवासातल्या पहिल्या दिवसासाठी दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या. तांदूळ घरचाच न्या, कोलम किंवा तुम्ही रोज खाता तो. गोव्यात दुकानात उकडा तांदूळ समोर दिसतो आणि लोक तो घेऊन दोन शिट्ट्या देतात, मग दाणा टचटचीत राहतो. उकडा भरपूर पाण्यात निवांत शिजवून पेज काढायचा तांदूळ आहे, सुट्टीतल्या घाईचा नाही.

भांड्यांत स्वतःची धारदार सुरी, एक छोटा चिरायचा पाट, कुकर तिथे नसेल तर घरचा, आणि भांडी घासायची नवी घासणी. भाड्याच्या जागेतली सुरी लोणीसुद्धा कापत नाही आणि तिथली घासणी वापरावीशी वाटत नाही.

> सावधान, विमानाने जात असाल तर: सुकं खोबरं बॅगेत चालत नाही, ना केबिनमध्ये ना चेक-इनमध्ये. ते पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. वाटण करायचं असेल तर ओला नारळ तिथे घ्या, गोव्यात नारळाला काय तोटा. काडेपेटी आणि लायटर पण तिथेच घ्या. सुरी चेक-इनमध्ये. लोणचं, तूप, आगळ हेही चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत बांधून.

> सावधान, रेल्वेने जात असाल तर: गॅसचा छोटा सिलिंडर, स्टोव्ह, रॉकेल न्यायला बंदी आहे. डब्यातल्या मोबाईलच्या सॉकेटवर केटल लावायची नाही, तोही गुन्हाच धरतात.

गाडीने जाणाऱ्यांनी पण सिलिंडर डिकीत टाकू नये. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो काय तापेल याचा विचार करा.

५. पोचल्यावरचा पहिला अर्धा तास

बॅगा उघडायच्या आधी किचन बघा, कारण काही बिघडलेलं असेल तर केअरटेकर तेव्हाच जागेवर असतो, रात्री नऊला फोन उचलत नाही.

गॅस पेटवून बघा, दोन्ही बर्नर. रेग्युलेटरपाशी वास येतोय का? कुकरची रिंग ताणून बघा, कडक झाली किंवा तडा गेला असेल तर वापरू नका. शिट्टीच्या नळीतून फुंकर मारा किंवा उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का ते बघा, आधीच्या पाहुण्यांची डाळ तिथे सुकून बसलेली असते. परक्या कुकरची ही तपासणी टाळू नका. आणि डाळ, खिचडी असं फसफसणारं काही असेल तर कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही.

फ्रिज चालू करून थंडी मधल्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, बंद असलेला फ्रिज नीट गार व्हायला काही तास लागतात. भांडी, तवा, ताटं एकदा गरम पाण्याने धुऊन घ्या. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर पिण्यासाठी २० लिटरचा जार मागवा, नाहीतर उकळून गार करा. जड पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही हेही लक्षात ठेवा, म्हणून तर मेनूत मूगडाळ आहे.

मग खिचडी लावा आणि आंघोळीला जा.

६. बाजार: दुसऱ्या दिवशी सकाळी, एकदाच

म्हापशाला शुक्रवारी मोठा बाजार भरतो. पणजी आणि मडगावच्या मार्केटमध्ये रोज भाजी-मासळी मिळते. जवळच्या गावातल्या छोट्या बाजारालाही चालेल, पण बीचवरच्या दुकानातून भाजी घेऊ नका, भाव टुरिस्टचा असतो.

यादी दोन दिवसांचीच करा. सुट्टीत आपण पाच जणांची भाजी घेतो आणि तीन जण जेवतात, कारण कोणीतरी बीचवर भजी खाऊन आलेलं असतं. कांदा, बटाटा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू, एक नारळ, एक पालेभाजी, अंडी, दूध, दही. तेलाची अर्ध्या लिटरचीच पिशवी.

मासे घेताना सकाळी लवकर जा आणि त्याच दिवशी शिजवा. डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लालभडक, बोटाने दाबलं तर मांस परत वर आलं पाहिजे, खड्डा राहिला तर सोडून द्या. तिसऱ्या (शिंपल्यातली मासळी) घ्यायच्या तर शिंपले बंद असलेल्या, उघडलेली शिंपली टिचकी मारून मिटत नसेल तर ती टाकायची. साफ करून, कापून तिथेच घ्या, मार्केटमध्ये कापून देणारे असतात, थोडे पैसे लागतात आणि फ्लॅटचं सिंक खवल्यांनी तुंबत नाही. बाजारातून परत येताना वाटेत किल्ला बघून येऊ असं करू नका. बर्फ घातलेल्या डब्यातून मासे थेट फ्रिजमध्ये.

> तपासा: १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत बाजारात खाडीतले, छोट्या होड्यांचे किंवा बर्फातले जुने मासे जास्त दिसतात. पावसाळी ट्रिप असेल तर मासे मेनूतून काढा किंवा सुकटीवर भागवा.

७. रोजची संध्याकाळ: बाहेर जायच्या आधी वीस मिनिटं

किचन सांभाळायची खरी किल्ली इथे आहे. बीचवरून वाळूने भरलेले, भुकेले असे परत आल्यावर कोणालाही कांदा चिरायचा नसतो. म्हणून दुपारी चारला, चहा उकळत असताना, कांदा-टोमॅटो चिरून डब्यात भरा, तांदूळ धुऊन भिजवा, माशांना आगळ, मीठ, हळद, तिखट चोळून फ्रिजमध्ये ठेवा, सोलकढीचं नारळाचं दूध काढून ठेवा. मिक्सर नसेल तर नारळ खवून कोमट पाणी घालून हाताने पिळा, जरा पातळ निघेल पण चव येते.

परत आल्यावर क्रम असा: एका बर्नरवर भाताचा कुकर. तो होईपर्यंत आंघोळी. मग तवा तापवून बांगडा तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवून टाका, एक बाजू चार मिनिटं न हलवता. सारखा उलटत बसलात तर साल तव्याला चिकटेल आणि मासा तुटेल. नॉनस्टिकला लाकडी उलथनं वापरा, स्टीलचा चमचा नको, जागामालक डिपॉझिटमधून तव्याचे पैसे कापतात. सगळं मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं.

उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात शिजलेलं अन्न तास-दीड तासात फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, पसरट डब्यात, म्हणजे लवकर गार होतं. भात तर जास्तच बेभरवशाचा, त्यातले जंतू शिजवूनही पूर्ण मरत नाहीत आणि बाहेर राहिला की वाढतात, त्यांनी सोडलेलं विष परत गरम करूनही जात नाही. सकाळी फोडणीचा भात करायचाय तर रात्री फ्रिजमध्ये टाकलेल्याचाच करा.

> सावधान: बीचवर किंवा पर्यटनस्थळी उघड्यावर चूल मांडून, गाडीपाशी शेगडी लावून स्वयंपाक करायला गोव्यात बंदी आहे. २०२२ च्या आदेशात दंड ५० हजारांपर्यंत ठरवला होता. डबा भरून न्या, तिथे शिजवू नका.

८. किचन नसलेली खोली मिळालीच तर

शिजवायचा हट्ट सोडा. हॉटेलच्या केटलमध्ये दूध, नूडल्स, अंडी घालू नका, करपलेलं दूध निघत नाही आणि पुढचा पाहुणा त्यातच चहाचं पाणी उकळणार असतो. केटलने फक्त पाणी उकळा, बाकी बाहेरच्या वाडग्यात. खोलीत जमण्यासारखं बरंच आहे: दडपे पोहे (पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, नारळाचं पाणी, घरून आणलेली फोडणी, विस्तव लागतच नाही), दही-पोहे, काकडी-टोमॅटो घालून भेळ, घरी भाजून नेलेल्या उपम्यावर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकण, पोई आणि चीज. निदान सगळे नाश्ते यावर निघतात.

९. निघायच्या आदल्या रात्री

मसालेभातात सगळ्या भाज्या संपवा. माशाचा कचरा, अंड्याची टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बांधून ठेवा, ओला-सुका वेगळा, आणि कचऱ्याची गाडी कधी येते ते आदल्या दिवशी विचारा, नाहीतर ती पिशवी तुमच्याच गाडीत घरापर्यंत येते. गाडी सकाळी यायची असेल तर माशाचा कचरा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, वास येत नाही, फक्त सकाळी काढायला विसरू नका, फ्रीझरच्या दारावर चिठ्ठी लावा.

उरलेलं तेल, मीठ, न फोडलेल्या पुड्या केअरटेकरला किंवा कामाच्या मावशींना विचारून द्या. कुकरची रिंग काढून वाळवा, स्वतःची सुरी परत चेक-इनच्या बॅगेत गेलीय का बघा, रेग्युलेटर बंद करा आणि धुतलेल्या भांड्यांचा एक फोटो काढून मालकाला पाठवा, मगच चावी द्या.